रेटिंगचा रकाना

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग म्हणजे काय, हे चार वर्षं शिकूनही मला गावात कुणाला धड सांगता आलं नाही. सिव्हिलवाला पूल बांधतो, मेकॅनिकलवाला मशीन दुरुस्त करतो, मोटर जळाली की लोक इलेक्ट्रिकलवाल्याकडे जातात. माझ्याकडे काय घेऊन यायचं? तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा शेजारच्या एका आजोबांनी बंद पडलेला टेबलफॅन माझ्यापुढे आणून ठेवला. हे माझ्या विषयात येत नाही, असं मी म्हटलं. मग काय येतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माणसं जे काम करतात ते कमी वेळात, कमी त्रासात कसं होईल ते बघायचं. आजोबा म्हणाले, "म्हणजे मुकादम."

मला भयंकर राग आला होता. तेव्हा मला सगळ्याच गोष्टींचा राग यायचा. अजूनही येतो, पण त्या उत्तराचा आता येत नाही.

ही शाखा मी काही आवडीने घेतली नव्हती. सीईटीत कॉम्प्युटरपुरते मार्क पडले नाहीत. तुमसरच्या ज्या दुकानात ऑप्शन फॉर्म भरून द्यायचे, तिथला माणूस म्हणाला, इंडस्ट्रियल टाका, नावातच इंडस्ट्री आहे. घरी आल्यावर आईला सांगितलं. इंडस्ट्री म्हणजे कारखाना, एवढं तिला माहीत होतं, कारण ती स्वतः भंडारा रस्त्यावरच्या एका मोठ्या राईस मिलमध्ये तांदूळ पॅक करायला जायची. ती खूश झाली. कारखान्यात तर मीच जातो, म्हणाली, तू माह्या वर बसशील. आमच्याकडे बाया स्वतःबद्दल बोलताना जातो, येतो असंच म्हणतात.

नागपूरच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांनी आमच्या शाखेचं भविष्य सांगितलं. इंडस्ट्रियल इंजिनिअर कुठेही चालतो, असं ते म्हणाले. कारखान्यात चालतो, हॉस्पिटलात चालतो, बँकेत, विमानतळावर, हॉटेलात, सगळीकडे. आम्ही ते वहीत लिहून घेतलं. कुठेही चालतो म्हणजे नेमका कुणालाच नको असतो, हे शेवटच्या वर्षाला कळलं. प्लेसमेंटला एक सॉफ्टवेअर कंपनी आली. आमच्या विषयातलं तिने अक्षरही विचारलं नाही. वीसेक जणांना पत्रं दिली आणि रुजू व्हायची तारीख पुढे ढकलत राहिली. बुटीबोरीच्या कंपन्यांना डिप्लोमावाले हवे होते, कारण ते कमी पगारात जास्त दिवस टिकतात. वर्गात पहिली आलेली मुलगी आता नागपूरबाहेरच्या एका गोदामात शिफ्ट सांभाळते. पार्सलं उचलणारी पोरं किती सेकंद रिकामी उभी राहिली, ते तिच्या स्क्रीनवर लाल होतं आणि तिने जाऊन त्यांना हटकायचं असतं. तिने मला एकदा फोनवर सांगितलं की तिला आता घरातलं माणूस सोफ्यावर बसलेलंही बघवत नाही. दुसरा एक मित्र तलाठी भरतीची तयारी करतो. तिसरा बापाबरोबर शेतीच करतो आणि शेतीत लाइन बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सारखं काम, आणणार असं म्हणून हसतो. त्याचं हसणं मला ऐकवत नाही.

मी आठ महिने घरी होते. त्या आठ महिन्यांत गावातलं प्रत्येक माणूस भेटलं की एकच शब्द म्हणायचं, लागली? मी बाहेर जाणं कमी केलं, तर लोक आईला विचारायला लागले. मिलमध्ये डबा उघडला की बाया विचारायच्या. आई म्हणायची, लागेल.

बातमीही आईनेच आणली. मिलला शहरातल्या मोठ्या दुकानांची एक-एक किलोच्या पिशव्यांची ऑर्डर मिळाली होती आणि घड्याळ लावून काम मोजणारं कुणीतरी हवं होतं. सहा महिने ट्रेनी, काम पसंत पडलं तर कायम. मी अर्ज केला. अर्जात आई कुठे काम करते तो रकाना मी मोकळा सोडला. आईनेच सांगितलं होतं, नको लिहू, तुले कमी समजतील. मी तिला एकदाही म्हटलं नाही की लिहिते, त्यात काय. उलट मला बरंच वाटलं. हॉलमध्ये भेटलो तर तिने मला हाक मारायची नाही, हेही तिनेच ठरवलं आणि तेही मी मुकाट मान्य केलं.

मॅनेजर पुण्याकडचे होते. वाईट माणूस नव्हता. कुणाला एकेरी बोलायचे नाहीत, डबा एकटेच खायचे आणि दर शनिवारी दुपारी नागपूरची गाडी पकडायचे. सुरुवातीचे काही महिने त्यांनी मला गोदामाचे नकाशे काढायला लावले. मग नवी धानं आली, मिल दोन पाळ्यांत सुरू झाली आणि त्यांनी पॅकिंग हॉलची टाइम स्टडी माझ्याकडे दिली. कोणत्या बाईला किती वेळ लागतो, त्यावरून दिवसाला किती पिशव्या व्हायला हव्यात आणि त्यासाठी बाया किती लागतात, ते तीन दिवस मोजून सांगायचं. ही स्टडी म्हणजेच तुमची कायमची मुलाखत समजा, असं ते म्हणाले. मी घरी येऊन जेवताना आईला सांगितलं की सोमवारपासून तुमच्या हॉलमध्ये तीन दिवस माझी परीक्षा आहे. समजेल असं सांगायला गेले आणि तो एक शब्द वापरून बसले.

आता त्या हॉलबद्दल सांगायला हवं. तीस टेबलं, प्रत्येकीचं एक, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर. वरून नळीतून तांदूळ येतो. पिशवी धरायची, भरायची, काट्यावर ठेवायची, चिमूटभर काढायची नाहीतर घालायची, पायाने पॅडल दाबून तोंड बंद करायचं आणि शेजारच्या क्रेटमध्ये टाकायची. पंचवीस पिशव्यांचा एक कट्टा. प्रत्येकीच्या टेबलाचे किती कट्टे झाले, ते सुपरवायझर रजिस्टरमध्ये लिहायचा.

पण बाया काम करायच्या ते रोवणीच्या पद्धतीने. आमच्याकडे धानाची रोवणी करताना बाया बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, एका ओळीत वाकतात आणि मागे मागे सरकत जातात. जी पुढे निघते ती आपली पात संपवून बांधावर बसत नाही, मागे पडलेलीच्या पातीत हात घालते. ओळ एकदमच बांधाला लागली पाहिजे. हॉलमध्येही तेच होतं. ज्या बाईचा हात भरभर चालतो ती आपल्या भरलेल्या पिशव्या शेजारणीच्या क्रेटमध्ये सरकवायची. त्यामुळे कुणाचाच आकडा फार खाली यायचा नाही आणि कुणालाच बोलणी बसायची नाहीत. सुपरवायझरला हे माहीत होतं. एकूण बेरीज जुळत होती, म्हणून तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

हॉलमधला सगळ्यात चालाख हात आमच्या समोरच्या घरातल्या काकूंचा. त्यांचं टेबल दहा नंबरचं. अकरावर माझी आई, जिची बोटं पन्नाशीनंतर सांध्यात वाकडी व्हायला लागली होती. नऊवर नुकतीच बाळंत झालेली गावातली एक सून. काकू दोन्हीकडे पिशव्या सरकवायच्या आणि स्वतःच्या नावावर त्या दोघींपेक्षा कमीच ठेवायच्या. मला कोण काय म्हणते, असं त्यांचं म्हणणं होतं. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी आईचा डबा घेऊन मिलमध्ये जायचे, तेव्हापासून मी ते बघत आले होते. तेव्हा मला तो खेळ वाटायचा.

सोमवारी सकाळी मी हातातल्या पाटीवर फॉर्म आणि घड्याळ लावून हॉलमध्ये उभी राहिले. स्टडीच्या वेळी कामगार मुद्दाम हळू काम करतात, असं आम्हाला शिकवलं होतं. त्यावरचे उपाय पुस्तकात होते, मी पाठ केले होते. पहिल्या दहा मिनिटांतच मला कळलं की पुस्तकातलं काही कामाला येणार नाही. तीसही बाया जीव तोडून काम करत होत्या. कुणी बोलत नव्हतं, कुणी पाणी प्यायला उठत नव्हतं. एरवी एका पिशवीला सव्वीस-सत्तावीस सेकंद जायचे, ते अठरावर आले होते. पॅडलचा आवाज थांबतच नव्हता. आईकडे मी बघायचं टाळत होते, पण बघितलं. तिने ओठ दाताखाली धरले होते आणि तिची वाकडी बोटं पिशवीच्या तोंडावर नुसती पळत होती.

असं काम मी याआधी फक्त रोवणीत पाहिलं होतं. कुणाच्या घरी मयत झालेली असते, किंवा घरची बाई बाळंतीण असते आणि पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, पिवळे पडायला लागलेले असतात. तेव्हा गावातल्या बाया त्या घरची बांधी एका दिवसात रोवून देतात, पाठ वर न करता. ते काम रोजचं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांना उठवत नाही.

डब्याच्या सुट्टीत मी नळावर हात धुवत होते, तेव्हा काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "बराबर चालून राहिलं ना माय? का अजून हात चालवाचे?"

मग बाकीचं त्यांच्याच तोंडून कळलं. आदल्या दिवशी विहारात वंदना झाल्यावर आई उठून उभी राहिली होती. जी बाई सभेत कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली की माह्या पोरीची परीक्षा आहे, तीन दिवस हात चालवा. मग ती गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिकडच्या बायांनाही सांगून आली. आता तीसच्या तीस बाया मला पास करायला निघाल्या होत्या.

त्या नळावर मी सांगू शकले असते. काकू, असं करू नका, रोजच्यासारखं करा, ही तुमची मोजणी आहे, माझी नाही, एवढंच वाक्य होतं. पण मला वाटलं की मी सांगितलं तर दुपारी हॉल एकदम ढिला पडेल, सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळणार नाहीत, मॅनेजर विचारतील, आणि मग आईचं नाव निघेल. आठ महिने घरी बसलेल्या माणसाचं डोकं फार वेगाने चालतं आणि एकाच दिशेने चालतं. मी म्हटलं, "चांगलं चाललं आहे काकू." त्या समाधानाने आत गेल्या.

तरी एक दार उघडं होतं. टाइम स्टडीच्या फॉर्मवर रेटिंग नावाचा एक रकाना असतो. घड्याळ फक्त वेळ सांगतं. बाई रोजच्या वेगाने काम करते आहे की जीव तोडून, ते घड्याळाला कळत नाही. ते इंजिनिअरने डोळ्यांनी ओळखायचं आणि त्या रकान्यात लिहायचं. दिवसभर, वर्षभर टिकेल अशा वेगाला शंभर म्हणायचं. त्याहून जास्त असेल तर एकशे वीस, एकशे तीस. मग घड्याळाची वेळ तेवढ्या प्रमाणात वाढवून धरायची, म्हणजे माणसावर अन्याय होत नाही. आमच्या सगळ्या विषयात माणसाच्या बाजूने बोलणारा असा हा एकच रकाना आहे, असं माझं मत आहे. मी तिसऱ्या दिवशी पेन्सिलने तिसांच्याही पुढे एकशे चाळीस आणि एकशे पंचेचाळीस लिहिलं.

मॅनेजरांनी फॉर्म उलटसुलट करून बघितले. ते चिडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की एखाद-दुसरी बाई एकशे चाळीसची असते, तीसच्या तीस असत नाहीत. एक तर तुमची नजर अजून बसलेली नाही, नाहीतर या बाया रोज आळस करतात आणि तुम्ही उभ्या राहिलात म्हणून खरं काम दिसलं. यातलं काय आहे ते सांगा, म्हणाले. तिसरंही काही असेल तर सांगा, नाहीतर स्टडी पुन्हा करू. पण मग रिपोर्ट पुढच्या महिन्यावर जाईल आणि तोवर तुमची मुदत संपलेली असेल, मालकांना मी काय सांगणार?

तिसरं होतं. ते सांगायला मला तोंड उघडावं लागलं असतं. त्यांच्या टेबलावर खोडरबर होतं. मी तिथेच, त्यांच्यासमोर, उभ्याउभ्या तीस रकाने खोडले आणि शंभर लिहिलं.

उत्तर मशीनने काढलं असतं तसं निघालं. जे काम तीस बाया करत होत्या, त्याला एकवीस पुरतात. मालकांनी रिपोर्ट वाचून माझी स्तुती केली. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि नऊ नावांची यादी करायला सांगितलं. कुणाला कुणी आपलं-परकं करायला नको, म्हणून यादी रजिस्टरवरूनच करायची, सहा महिन्यांत ज्यांच्या नावावर सगळ्यात कमी कट्टे आहेत त्या नऊ. मला ही पद्धत त्या क्षणी न्याय्यसुद्धा वाटली. रजिस्टर घेऊन मी बेरजा केल्या. बाया एकमेकींना सांभाळून घ्यायच्या, त्यामुळे आकड्यांत फार फरक नव्हता. दोन-चार कट्ट्यांनी खालीवर. जिने जास्त वाटलं, तिचा आकडा खाली. सगळ्यात खालचा आकडा दहा नंबरच्या टेबलाचा होता. अकरा नंबरचा मधोमध, सुरक्षित.

मी सुपरवायझरकडे गेले. दहा नंबरचं तुम्हाला माहीत आहे ना, असं विचारलं. तो म्हणाला की मॅडम, मी हे वरती सांगितलं तर सहा महिन्यांचं रजिस्टर खोटं लिहिलं असं होते. माह्यावर येईल. तुम्हीच सांगा, तुम्ही तर इंजिनिअर आहात. त्याचा मला संताप आला. डरपोक माणूस, असं मी मनात म्हटलं आणि जागेवर येऊन यादी टाइप केली. काकूंचं नाव पहिलं होतं.

पॅकिंगच्या बाया मिलच्या नव्हत्या, ठेकेदाराची माणसं, त्यामुळे फार काही कागदपत्र झालं नाही. एक तारखेपासून येऊ नका, एवढंच सांगितलं गेलं. त्याच आठवड्यात मला कायम झाल्याचं पत्र मिळालं.

पत्र मिळालं त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. मी आतल्या खोलीत गेले, कारण त्या भांडायला आल्या असं मला वाटलं. त्या चटईवर बसल्या आणि त्यांनी मला बाहेर बोलावून घेतलं. पक्की झाली ना नोकरी, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग बरं झालं, म्हणाल्या, तीन दिवस खांदे भरून आले होते, कामी तर आलं. मिलवाल्यांनी बाया कमी करायचं आधीच ठरवलं असेल, अशी त्यांची समजूत होती. मालक लोक तसेच, ऑर्डर मोठी आली की माणूस कमी. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं. त्यांची धाकटी बारावीला होती. कॉम्प्युटरपुरते मार्क पडतील असं वाटत नव्हतं.

"तिलेही तुह्यासारखंच घेऊन देतो," त्या म्हणाल्या. "स्कोप आहे ना वो याच्यात?"

आई चुलीपाशी होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काकूंना सांगितलं की आहे. इंडस्ट्रियल इंजिनिअर कुठेही चालतो. विभागप्रमुखांचं वाक्य, जसंच्या तसं, माझ्या तोंडून बाहेर पडलं. काकूंनी ते दोनदा म्हणून घेतलं, मुलीला सांगायला.

नवीन महिन्यापासून हॉलमध्ये एकवीस टेबलं राहिली. बाकीची उचलून भिंतीला लावली. दर तासाचा आकडा फळ्यावर यायला लागला. तो आकडा त्या तीन दिवसांचा होता, आणि आता तो रोज हवा होता. सरकवायला कुणाकडे जास्तीची पिशवी उरत नव्हती. आईच्या उजव्या हाताची दोन बोटं पिशवीचं तोंड बंद करणाऱ्या गरम पट्टीला लागून पोळली. पट्टीला हात लागायला घाई लागते. रोजच्या वेगात तो लागत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी आल्यावर तिला तांब्या धरता यायचा नाही. ती दोन्ही तळव्यांत धरून पाणी प्यायची आणि मी बघते आहे असं दिसलं की पाठ फिरवायची.

असे तीन आठवडे गेले. मग एका रविवारी अंगणात माझ्याकडून बोटांना मलम लावून घेताना तिने विचारलं, "तिचंच नाव काहून निघालं? सगळ्यात चालाख बाई ते."

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, कारण एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. रजिस्टरमध्ये काय होतं ते सांगितलं, आणि त्याच्या आधीचंही, त्या तीन दिवसांचं, अठरा सेकंदांचं, रबराने खोडलेल्या रकान्याचं. तुम्ही रोजच्यासारखं केलं असतं तर तीसच्या तीस राहिल्या असत्या, हेसुद्धा सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. माझ्या एकटीकडून ते उचललं जात नव्हतं, म्हणून मी त्यातलं अर्धं तिच्या डोक्यावर ठेवलं. आजवर मी केलेल्या गोष्टींत ही सगळ्यात वाईट, असं मला वाटतं.

आईने हात माझ्या हातातून काढून घेतला नाही. ती पोळलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"माह्या नावावरचे कट्टे तिचे होते," ती म्हणाली. "तुले माहीत होतं."

"होतं."

"मंग सांगाचं होतं ना, बाई."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण तिला खरंच कळत नव्हतं की शिकलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट का सांगता आली नसेल. मी तिला परिस्थिती समजावून द्यायला लागले, मुदत, मालक, आठ महिने. ती ऐकून घेत होती. मध्येच उठली आणि समोरच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. काकूंनी मला नंतर कधी काही विचारलं नाही आणि त्या आमच्या घरीही आल्या नाहीत. त्यांच्या धाकटीने कुठली शाखा घेतली, ते मला गावातल्या दुसऱ्या कुणाकडून कळलं. तिने माझीच घेतली.

मी मिलमध्ये आहे. पगार वेळेवर होतो, टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. कॉलेजच्या ग्रुपवर कुणी विचारलं तर माझं नाव सांगतात, शाखेतच नोकरी मिळालेली आणि तीही घराजवळ. ते खोटं नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना जे शिकलो ते करायला मिळालंच नाही. मला मिळालं.

गेल्या आठवड्यात मॅनेजरांनी मला बोलावलं. पुढे महिन्याभराचा तक्ता होता. एका टेबलाचा आकडा सारखा खाली येतो आहे, म्हणाले, फळ्यावर रोज लाल दिसतं, बाकीच्या बायांवर त्याचा परिणाम होतो. बाईंना थांबवावं लागेल. त्यांनी नाव वाचलं नव्हतं, नुसता नंबर वाचला होता. अकरा.

मी पेन हातात घेतला होता. तो खाली ठेवला.

"ती माझी आई आहे, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं, आता ते विचारतील, केव्हापासून, तुम्ही बोलला का नाहीत, आणि मग मी सगळं सांगेन, रेटिंगपासून. मी तयार होते. त्यांनी तक्ता बंद केला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मग तुम्हीच घरी सांगितलेलं बरं. बाहेरच्यांकडून कळायला नको."

मी त्याच संध्याकाळी घरी सांगितलं.